न पडलेली पाल

आधी साहित्य सांगते, धक्का नंतर. माझी कामाची पद्धतच तशी आहे.

पिकलेले पीच, साखर, लिंबाचा रस, थोडं कॉर्नफ्लोअर आणि किसलेलं जायफळ, हे खालच्या थरासाठी. वरच्या थरासाठी मैदा, बेकिंग पावडर, मीठ, फ्रीजमधून नुकतंच काढलेलं घट्ट लोणी, ताक आणि बदामाची पूड. बदामाची पूड मूळ कृतीत नाही, ती माझी भर. पुढचं सगळं त्या पुडीमुळे घडलं, म्हणून तेवढी लक्षात ठेवा.

मी बेळगावात वडगावला राहते. पुढच्या सोप्यात आमच्या ह्यांचे माग चालतात, मागच्या खोलीत माझी भट्टी. भट्टी म्हणजे विजेचा मोठा ओव्हन, पण घरात सगळे भट्टीच म्हणतात. लग्नाआधी मी कॅम्पात एका कर्नलसाहेबांच्या घरी स्वयंपाकाला मदत करत होते. त्यांच्या बाईंनी मला केक, बिस्किटं आणि कॉबलर शिकवला. पुढे तोच माझा धंदा झाला. या अंकाच्या संपादकांनी ‘कामातले अनुभव लिहा’ म्हणून सांगितलं तेव्हा मी लग्नाचे केक, रुसलेली गिऱ्हाइकं, भर कामात गेलेली वीज अशी यादी केली होती. ती बाजूला ठेवली आहे. पीचच्या कॉबलरचं सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

कॉबलर हा शब्द मी पहिल्यांदा घरात काढला तेव्हा ह्यांनी मुलीचा शब्दकोश काढून बघितला. म्हणाले, “यात तर चपला शिवणारा असं लिहिलंय. तू नक्की काय करालीस?”

करायचं ते असं. खाली शिजलेलं फळ, वर चमच्याने सोडलेले पिठाचे गोळे, आणि सगळं एकाच भांड्यात भट्टीत. गोळे फुगून एकमेकांना टेकतात आणि त्यांच्या फटींतून रस वर येतो. केकसारखा तो कापता येत नाही, वाटीत घेऊन चमच्याने खायचा. दिसायला ओबडधोबडच. येळ्ळूरच्या एका गिऱ्हाइकाने लेकाच्या वाढदिवसाला नेला आणि अर्ध्या वाटेतून परत आणला.

“वैनी, केक फुटलाय की हो. रस्त्यात खड्डे लई हाईत, तुमचा दोष न्हाय. पण बदलून द्या.”

मी त्यांना चमचा दिला. त्यांनी उभ्याउभ्या निम्मं भांडं संपवलं आणि म्हणाले, “आता तर बदलूनच द्या.”

पीच निवडताना रंगावर जाऊ नका. लाल गाल ही उन्हाची करणी, पिकल्याची खूण देठाशी असते. तिथे हिरवट झाक असेल तर फळ ठेवून द्या. वास नसेल तर चवही नसते. फळाला कडेने चीर द्यायची, क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचं. भिजवलेल्या बदामासारखी साल हातात येते. मग दोन्ही अर्धे उलटसुलट पिळले की चांगल्या जातीचा बाठा टुणकन सुटतो. वाईट जातीचा गराला धरून बसतो, तिथे सुरी लागते. फोडींवर साखर आणि लिंबू घालून ठेवलं की रस सुटतो. तो ओतून द्यायचा नाही, कॉर्नफ्लोअर घालून आटवायचा आणि परत फोडींवर घालायचा. लोणी पिठात चोळताना फक्त बोटांची टोकं वापरायची, तळवा गरम असतो. आणि भांडं भट्टीतून कधी काढायचं ते घड्याळ सांगत नाही, कडेचे बुडबुडे सांगतात. पातळ, घाईघाईने फुटत असले तर थांबा. जड आणि आळशी झाले की काढा.

एवढं सगळं मी माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं आहे. बाठ्याचं काय करायचं हे कधी सांगितलं नव्हतं. कचऱ्याबद्दल कोण सूचना देतं?

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. खानापूरकडे दिलेली. नवरा गेला, मुलं पुण्याला लागली, आणि आक्का आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्या हाताला काम लागतं, माझ्या कामाला हात लागतात, त्यामुळे आमचं जमलं. फळ माझं आणि पीठ आक्कांचं अशी वाटणी ठरून गेली.

आक्कांचं गाव फणसाचं. तिकडे फणस खाऊन झाला की खरं काम सुरू होतं. आठळ्या धुवायच्या, वाळवायच्या, राखेत नाहीतर मातीत घोळून ठेवायच्या, आणि पावसाळ्यात भाजी महागली की आमटीत घालायच्या, चुलीत भाजायच्या. भोपळ्याच्या बिया, काकडीचा मगज, चिंचोके, आंब्याच्या कोयी, आक्कांनी आयुष्यात कुठलंही बी टाकलेलं नाही. मी काही टाकायला गेले की म्हणायच्या, “बी टाकू न्हाई गं शैला. बी म्हंजे पावसाळ्यातलं कालवण.”

मी हसायचे. मला ते आवडायचंही.

त्या वर्षी ज्येष्ठात निपाणीहून फोन आला. मोठं घर, तंबाखूचा जुना व्यापार, घरच्या कर्त्या बाईंना सगळे माई म्हणतात. मुलगा अमेरिकेत, आणि सून अनुजा बाळंतपणासाठी इकडे आलेली. तिचं डोहाळजेवण होतं.

“आमच्या वेळी चिंचा लागायच्या, कुणाला माती लागायची,” माई म्हणाल्या. “हिला डोहाळं लागल्यात ते कॉबलरचं. आता निपाणीत मी कॉबलर कुठनं आणू? ह्यांच्या चपला शिवणाऱ्याला विचारू?”

मागून फोन घेऊन अनुजा स्वतः बोलली. “मावशी, ताज्या पीचचा कराल ना? डब्यातल्या पाकातल्या फोडी नकोत. माझ्यासाठी एक वाटी वेगळी करा. मला कुणाला द्यायची नाही.”

डोहाळे पुरवायचं काम म्हटल्यावर आमच्या घरात आनंद झाला. आक्का तर रोज विचारायच्या, पोरीला कितवा लागलाय, तिच्या तोंडाला चव आहे का.

त्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. मोठे ट्रे पाहुण्यांसाठी, एक चिनी मातीची खोलगट वाटी अनुजासाठी. भट्टीचं दार उघडलं आणि मी जागीच थांबले. कॉबलरचा वास मला पाठ आहे, पण हा वास त्याच्या वरचा होता. गोड, खोल, महागड्या मिठाईच्या दुकानासारखा.

“आक्का, आज वास काय सुटलाय. काय केलंसा?”

आक्का नुसत्या हसल्या. मी ट्रेच्या कडेचा चमचाभर चाखला. शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित कडवट लागलं. जायफळ जरा जास्त झालं, असं म्हणून मी झाकणं लावली. निपाणीहून आलेली गाडी ट्रे घेऊन गेली.

मग घरातलं सगळं उरकून मी भट्टीची आवराआवर करायला घेतली. उरलेलं सामान जागेवर ठेवताना फळीवर बदामाचं पाकीट दिसलं. त्या कामासाठी मुद्दाम आणलेलं, न फोडलेलं.

“आक्का, बदाम कुठले घेतल्यासा?”

“घरचं.”

“घरचे म्हणजे? आपल्याकडं बदामाचं झाड हाय?”

“तू बाजारातनं इकत आणतीस,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की तो मला आजही दिसतो, “आणि घरातलं बदाम रोज बादलीत टाकतीस.”

त्या भट्टीमागच्या उबदार फळीवरून लोणच्याची बरणी घेऊन आल्या. तळाशी थोड्या बिया उरल्या होत्या. तांबूस, टोकदार, सुरकुतलेल्या सालीच्या. कुणीही बदामच म्हटलं असतं. पीचचे बाठे बादलीतून काढून, धुऊन, वरवंट्याने फोडून आक्कांनी प्रत्येक ऑर्डरीतून ते साठवले होते, भट्टीच्या उबेवर वाळवले होते आणि त्या दिवशी सगळे दळून पिठात घातले होते.

“एक चावून बगितलं. जरा कडू हाय, थुकलं. पण बदामात निघतंयच की एखादं कडू. वास बग गं, वास.”

मी बरणीत नाक घातलं. भट्टीतून आला होता तो वास.

कर्नलबाईंनी मला एकदाच, हात धुता धुता सांगितलं होतं. या फळाच्या बाठ्यातली बी कधी खायची नाही. वास गोड असतो, पण पोटात गेली की तिच्यातून सायनाइड तयार होतं. मी मान हलवली होती आणि बाठे फेकत आले होते. फेकायच्या वस्तूबद्दलचं ज्ञान फेकायच्या वस्तूबरोबरच जातं.

माणसाला धक्का बसला की तो ओरडतो, असं मला वाटायचं. मी काहीच केलं नाही. जायफळ म्हणून सोडून दिलेली ती कडवट चव जिभेच्या मुळाशी परत आली, आणि मी ओट्याला धरून तिच्याकडे लक्ष देत उभी राहिले. पुढच्या सोप्यात माग चालूच होते.

“काय झालं गं?” आक्कांनी विचारलं.

“आक्का, हे विष हाय.”

त्यांनी बरणीकडे बघितलं, मग रिकाम्या भट्टीकडे. हळूच खाली बसल्या.

“मी मारलं काय गं कुणाला?”

मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी निम्मं ऐकलं आणि मला मधेच तोडलं. “आधी खाणं थांबवा. भाजलंय म्हणून भरवसा धरू नका. गरोदर बाई, लहान पोरं, कुणी एक घास खायचा नाही. थांबवा आणि मग मला फोन करा.”

थांबवायचं कसं? गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे नव्हता. गाडी एव्हाना निपाणीत पोचलेली. माईंचा फोन वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत. शेवटी कुणीतरी उचलला. आचारी होता, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. मागे बायकांची गाणी, भांडी, पोरांचा दंगा.

“माई ओटी भराला गेल्यात. काय सांगू?”

“ते बेळगावहून आलेलं गोड वाढू नका. कुणालाच देऊ नका.”

“का हो बाई? वास तर लई मस्त येतंय की.”

“त्यातले बदाम चांगले नाहीत. कडू आहेत.”

“निघतंय की एखादं. वरनं साखर टाकतो.”

“अहो, ते बदाम नाहीतच. फळाच्या बाठ्यातली बी आहे. विषारी असते.”

तो म्हणाला, “बी विषारी, मग फळ कसं खातात?”

प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तरही येत होतं, पण ते द्यायला वेळ नव्हता. “माईंना द्या,” मी म्हटलं. “आत्ता द्या.”

माई आल्या. मी सांगितलं. बी, बाठा, विष, डॉक्टर, सगळं एका दमात.

“अगं बाई,” माई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मोठ्या घरची ऑर्डर म्हणून घाबरलीस काय? जर्दाळूचं बी आपण लहानपणापासनं फोडून खातो की. मला अजून आवडतं. बदामापरीस गोड.”

“माई, ते जर्दाळू वेगळे. त्यातही कडू जातीचे असले तर...”

“हे बघ, पोरगी गाडी आल्यापासनं त्या वाटीकडं बघत बसलीया. डोहाळ्याचा घास अडवायचा नसतो. बाळाचा कान फुटतो.” आणि फोन तोंडापासून दूर धरून म्हणाल्या, “अगं, तिची वाटी आणा. पहिला घास अनुजाचा.”

मला वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज आला. खरंच आला की मला वाटलं, सांगता येणार नाही.

मी म्हणाले, “माई, त्यात पाल पडली होती.”

मग माईंचा आवाज, माझ्याशी नव्हे, सगळ्या घराशी. “खाली ठेव. ए अनुजा, वाटी खाली ठेव. कुणी खाऊ नका गं. पाल. पाल पडलीया त्यात.” पाठोपाठ आचारी ओरडला, “हल्ली? हल्ली बिद्दैती?” कानडीत पालीला हल्ली म्हणतात. मग वाट्या, चमचे, ताटल्या जमिनीवर ठेवल्याचा खणखणाट. गाणी बंद पडली. कुणाच्या तरी पोराच्या तोंडात बोट घालून कुणीतरी त्याला थुंकायला लावत होतं.

इतका वेळ मी खरं सांगत होते आणि एक घास थांबला नव्हता. खोटं बोलले तेव्हा अख्खं घर थांबलं. आणि ते मला कसं सुचलं, हे मला अजून कळत नाही. आमच्याकडे दुधात पाल पडल्याचं नुसतं कळलं तरी अख्खी गल्ली ओकायला लागते. विष कुणी पाहिलेलं नसतं, पाल प्रत्येकाने पाहिलेली असते.

ह्यांनी माग बंद केले. शेजारच्यांची गाडी घेतली आणि आम्ही निघालो. आक्का दारात उभ्या होत्या. काकती मागे पडलं. संकेश्वरच्या आसपास मला एकाएकी सुचलं आणि मी ह्यांचा हात धरला.

“ते गोड टाकणार कुठं?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

निपाणीच्या त्या घरी मी पुढच्या दाराने गेलेच नाही. बोळातून थेट परसात गेले. आचारी दोन्ही हातांत माझा ट्रे घेऊन गोठ्याकडे निघाला होता.

“म्हशीला नको,” मी ओरडले.

तो थांबला. “का? म्हशीला पाल चालतंय की.”

मी त्याच्या हातातून ट्रे हिसकावला. परसात कुदळ होती. ह्यांनी खड्डा खणला, मी सगळे ट्रे त्यात उलटे केले, अनुजाची वाटीही. वाटीत चमचा होता. वाटीतली एक कड खाल्लेली होती.

जायफळाची चव परत आली.

अनुजा आतल्या खोलीत हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीसकट पलंगावर बसली होती. माईंनी तिला तुळशीची पानं चघळायला दिली होती, वर चमचाभर तूप. मी खोलीचं दार लोटलं आणि तिला खरं सांगितलं. एक हात पोटावर ठेवलेला होता, दुसराही तिथे गेला.

“दोन चमचे,” ती म्हणाली. “गाडी आल्या आल्या, कुणी बघत नव्हतं तेव्हा. तिसरा घेणार होते, पण कडू लागलं. मला वाटलं, मलाच चव लागत नाहीये.”

निपाणीचे डॉक्टर पाच दारं सोडून राहायचे, त्यांना बोलावून खरं ते सांगितलं. त्यांनी तिला तपासलं, घास थुंकायला लावलेल्या पोरालाही बघितलं, प्रश्न विचारले, कुठे कुठे फोन केले. दार उघडून माई आत आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, पाल विषारी असते न्हवं?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “माई, पाल पडली असती तर फार बरं झालं असतं.”

माईंना ते कळलं नाही. मी त्यांना परत सगळं समजावलं, बाठ्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आता सारवासारव नको, बाई. तू फोन करून कबूल केलंस, तेवढं बास. पाल ती पाल. माणसाच्या हातनं होतंय.”

डॉक्टर म्हणाले, दोन चमच्यांनी बहुधा काही होणार नाही, पण संध्याकाळपर्यंत नजर ठेवायची. श्वास, चक्कर, उलटी. मी पलंगाशी स्टुलावर बसले. बाहेर बायका हलक्या आवाजात अपशकुनाबद्दल बोलत होत्या. डोहाळजेवणात पाल म्हणजे काय आणि काय. आत अनुजा मला अमेरिकेतल्या शेजारणीबद्दल सांगत होती, जिने तिला पहिला कॉबलर खायला घातला. मधेच थांबायची, पोटावर हात ठेवून वाट बघायची आणि म्हणायची, “हलला.” प्रत्येक वेळी मी श्वास सोडत होते. उन्हं परसातल्या खड्ड्यावरून सरकत भिंतीवर गेली. डॉक्टर पुन्हा आले, तपासून म्हणाले, “जा आता घरी. ठीक आहे ती.”

निघताना अनुजाने विचारलं, “तुमच्या त्या आक्कांना काय म्हणाल?”

मी म्हटलं, “घरी गेल्यावर कळेल.”

घरी गेलो तर आक्का त्याच जागी होत्या. मी सांगितलं, पोरगी ठीक आहे, बाळ हलतंय. त्यांनी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही, आणि दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायल्या. फळीवरची बरणी गेली होती. परसात ताजी माती दिसत होती. आमच्याकडेही खड्डा खणला गेला होता.

आमच्या आधी बातमी बेळगावला पोचली होती. निपाणीच्या त्या घरातली एक लेक बेळगावातच शहापूरला दिलेली होती, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. वाढदिवसाचा केक रद्द. साखरपुड्याचा रद्द. एकीने प्रांजळपणे सांगितलं, “वैनी, तुमच्या हाताला चव हाय, पण आता डोळ्यांसमोर तीच येते.” पोरं माझ्या दारावरून जाताना चुकचुकायची. गल्लीत माझं नाव पालवाल्या वैनी पडलं.

मी गप्प बसले. खरं सांगितलं तर आक्कांचं नाव पुढे येणार. ज्या बाईने आयुष्यभर एक दाणा वाया घालवला नाही तिला लोक विष घालणारी म्हणणार. पाल झाली तर झाली. पालीला भाऊबंद नसतात.

पण आक्का पिठाच्या गिरणीला गेल्या. परत आल्या त्या डोक्यावर डबा, केसांवर पीठ, आणि चेहरा असा की मी हातातलं काम ठेवलं.

“गिरणीत बायका तुला हसालत्या,” त्या म्हणाल्या. “म्हणालत्या, आक्का, कुठल्या पिठात पडलती? मग मी सांगितलं.”

“काय सांगितलंसा?”

“सगळं. पाल न्हवती, मी होते. बाठ्यातलं बी मी घातलं, इषारी होतं, शैलाचा काय संबंध न्हाय.”

“मग?”

आक्कांनी डबा खाली ठेवला. “कुनी ऐकंना गं. ती कोपऱ्यावरची म्हणती, आक्का, भावजयीला वाचवायला किती खोटं बोलतासा. बी कुठं इषारी असतंय? मी दोन-दोनदा सांगितलं. शपथ घेतली. सगळ्या हसत बसल्या.”

मला धक्के बसायचे तेवढे बसून झालेत असं वाटत होतं. हा राहिला होता. साठ वर्षं एक शब्द खोटा न बोललेली बाई गिरणीच्या रांगेत उभी राहून सगळ्यांसमोर स्वतःवर घेते, आणि लोकांना पालच खरी वाटते.

त्यानंतर आक्का पिठाला हात लावेनात. मी आग्रह केला नाही. मीच फळ केलं, मीच पीठ केलं, आणि काम मंदावलं होतं तेव्हा ते जमतही होतं. अनुजाला मुलगी झाल्याचा फोन आला, दोघी ठणठणीत, तेव्हा मी आक्कांच्या कानाला फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. आक्का पोटभर ऐकत राहिल्या. मग उठून हात धुतले आणि माझ्या परातीशी येऊन बसल्या. “सरक,” म्हणाल्या. “लोणी असं चोळतात व्हय? तळवा लागालाय तुझा.”

पीचचा पुढचा हंगाम सरत आला तेव्हा निपाणीहून माईंचा फोन आला. नातीचा पहिला वाढदिवस होता.

“तोच कॉबलर पाठव,” त्या म्हणाल्या. “अनुजाचा हट्ट हाय. फक्त झाकण घट्ट लाव बाई.”

आता माझ्याकडे बाठ्यांसाठी वेगळा डबा असतो, झाकणाचा, आणि तो मी स्वतः पुरून येते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला लोण्याच्या आधी बाठ्याचं सांगते. हा लेखही त्यासाठीच लिहिला आहे. गल्लीने ऐकलं नाही, निदान वाचणारे तरी ऐकतील. पीचच्या बाठ्यात बदामासारखं दिसणारं, बदामाहून सुंदर वासाचं जे असतं ते बदाम नाही. जर्दाळूचं बी कडू लागलं तर थुंका. आणि पाल पडली नव्हती.

त्या वाढदिवसाच्या सकाळी ट्रे भट्टीत गेले आणि मी वर बघितलं, तर ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक पाल, खरीखुरी, आमच्याकडे बघत. खिडक्यांना जाळ्या मारलेल्या असताना ती कुठून आली देव जाणे. मी झाडू उचलला.

आक्कांनी माझा हात धरला.

“मारू नको तिला. हळू बाहेर काढ.” त्या वर बघत म्हणाल्या, “बिचारी. काय बी न करता बदनाम झाली आपल्यापायी.”